अस्सल बरहुकूम नक्कल

आपल्या समाजांत नकलेला फार जुनी प्रतिष्ठा आहे. इनामाची सनद असो, खरेदीखत असो कीं शाळेचा दाखला असो. मूळ कागद पेटींत जपून ठेवावा आणि व्यवहारांत त्याची नक्कल पुढें करावी, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जुन्या दप्तरांतील नकलांवर ‘अस्सल बरहुकूम’ हे शब्द आढळतात. आजच्या कचेऱ्यांत त्यांची जागा ‘सत्यप्रत’ या शब्दानें घेतली आहे. शब्द बदलले तरी त्यांतील साक्ष तीच आहे. नक्कल करणारा सांगतो कीं, मुळांत जें आहे तें सर्व येथें आहे. मीं कांहीं गाळलें नाहीं व पदरचें कांहीं घातलें नाहीं. ही साक्ष खोटी ठरली तर दोष कागदाला न लागतां मनुष्याला लागतो. म्हणून नक्कल करणें ही नुसती हाताची कारागिरी नसून तें एक नैतिक कृत्य आहे, असें आम्ही समजतों.

या साक्षीच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट आहे, आणि ती इतकी स्वाभाविक आहे कीं तिचा उच्चार करण्याची गरज सहसा कोणाला वाटली नाहीं. ती ही कीं, कागदावर जें दिसतें तें त्या कागदावरच असतें. मजकूर उतरून घेतला कीं कागदाचें सर्वस्व हातीं आलें. यंत्रांचे व इमारतींचे नकाशेही दीर्घ काळ याच जातीचे होते. १८४२ सालीं जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानें निळ्या छापाची रीत शोधून काढली आणि पुढें कारखान्यांतून व बांधकामाच्या कचेऱ्यांतून तिचा प्रसार झाला. पारदर्शक कापडावर काढलेल्या नकाशाखालीं रासायनिक कागद ठेवून त्याला ऊन दाखविलें कीं हुबेहूब निळी प्रत निघे. ती प्रत पुण्याहून कलकत्त्यास धाडली तरी तिच्यांतील एकही रेघ मागें राहत नसे.

संगणकावर काढलेल्या नकाशानें हें गृहीत मोडलें आहे. त्यामुळें नक्कल म्हणजे काय, आणि नक्कल देणाऱ्याचें कर्तव्य काय, हे दोन प्रश्न नव्यानें उभे राहिले आहेत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांतील मुलगे व मुली आज अशा कचेऱ्यांतून काम करीत असतील आणि त्यांना हा विषय रोजच्या सवयीचा असेल. परंतु सवयीच्या गोष्टींचा विचार मनुष्य सर्वांत कमी करतो; यास्तव या विषयाचा येथें थोड्या विस्तारानें परामर्श घेण्याचें योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति काय आहे तें पाहूं. एका मोठ्या इमारतीचें काम चाललें आहे अशी कल्पना करावी. खांबांच्या ओळींचा मूळ नकाशा वास्तुशिल्पज्ञ काढतो. तो नकाशा लोखंड-काँक्रीटचा हिशेब करणाऱ्यास हवा, विजेचें काम करणाऱ्यास हवा आणि नळकाम करणाऱ्यासही हवा. जुन्या पद्धतींत प्रत्येकजण तो आपापल्या कागदावर उतरून घेई. मग एक खांब वीतभर सरकला कीं सर्वांचे कागद खोडावे लागत आणि त्यांतील एखादा हटकून राहून जाई. संगणकावर तो उतरून घ्यावा लागत नाहीं. प्रत्येकजण आपल्या फाइलींत त्या मूळ फाइलीचा केवळ पत्ता नोंदवून ठेवतो. फाईल उघडतांच संगणक त्या पत्त्यावर जातो, तेथील नकाशा आणतो आणि या नकाशाच्या खालीं पसरून दाखवितो. पाहणाऱ्यास सर्व रेघा एकाच कागदावर आहेत असें वाटतें. प्रत्यक्षांत त्यांतील अर्ध्या रेघा दुसऱ्याच्या घरच्या असतात. कॅडच्या कचेऱ्यांतून या योजनेस ‘एक्सरेफ’ म्हणतात. यंत्रांच्या बाबतींत हीच गोष्ट आणखी खोल जाते. संपूर्ण यंत्राच्या, म्हणजे असेंब्लीच्या, फाइलींत चाकें, दांडे, झांकणें हे सुटे भाग नसतातच. कोणता भाग कोठें ठेवला आहे आणि तो शेजारच्या भागाशीं कसा बसतो, एवढेंच तींत मुख्यतः लिहिलेलें असतें.

ज्यांस संगणकाचा परिचय नाहीं त्यांना हें एका घरगुती उदाहरणानें चटकन् पटेल. एखादी आजी पुरणपोळीची कृति सांगते आणि म्हणते, “आपल्या नेहमीच्या वाटीनें दोन वाट्या डाळ.” नात ती कृति अक्षरशः उतरून नागपूरला सासरीं घेऊन जाते. वही गेली, पण वाटी मागेंच राहिली. त्या कृतींत डाळीचें माप नव्हतें. माप जेथें आहे त्या वस्तूचा पत्ता तेवढा होता.

ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें आयव्हन सदरलंड यांनीं १९६३ सालीं ‘स्केचपॅड’ नांवाची जी योजना प्रबंधरूपानें मांडली तींतच तिचें बीज आहे. मूळ आकृति एकदांच काढावी, तिचे अवतार हवे तितके मांडावे, आणि मुळांत फरक केला कीं सर्व अवतारांत तो आपोआप दिसावा, अशी ती सोय होती. १९८२ सालीं ‘ऑटोकॅड’ बाजारांत आलें, आणि त्याच्या १९९० सालच्या अकराव्या आवृत्तींत एक फाईल दुसरीस पत्त्यानें जोडण्याची वर सांगितलेली युक्ति आली. १९९५ पासून ‘सॉलिडवर्क्स’सारख्या साधनांनीं सुट्या भागांतून असेंब्ली रचण्याची पद्धत लहान कारखान्यांपर्यंत पोहोंचविली. या सर्वांच्या मागें जो विचार आहे तो थोर आहे, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. एक गोष्ट एकाच जागीं लिहिलेली असावी, ज्यानें तिची जबाबदारी घेतली त्यानेंच ती बदलावी, आणि तिच्यावर अवलंबून असणाऱ्या सर्वांस तो बदल विनाविलंब मिळावा, यापेक्षां सहकार्याचा चांगला नमुना सांपडणें कठीण आहे.

परंतु प्रत्येक सोयीचें मोल कोठें तरी द्यावें लागतें, आणि येथें तें नक्कल करतेवेळीं द्यावें लागतें. त्यांत दोन प्रकारचे घात संभवतात. पहिला साधा आहे. एखादा गृहस्थ आपली एकच फाईल दुसऱ्या गांवच्या कंत्राटदाराकडे पाठवितो. कंत्राटदार ती उघडतो तों नळ आहेत, तारा आहेत, पण खांबच नाहींत. आणि संगणक त्याला स्पष्ट सांगतो कीं, अमुक नांवाची फाईल सांपडली नाहीं. यांत वेळ जातो, थोडी शोभाही होते, परंतु कोणी फसत नाहीं. तुटलेलें नातें ओरडून आपलें तुटलेपण जाहीर करतें.

दुसरा घात मुका आहे, आणि आमच्या मतें या विषयाचें नैतिक मर्म त्यांतच आहे. समजा, एका कारखान्यानें एका गिऱ्हाइकासाठीं पंप बनविला व त्यांतील शाफ्ट ४० मिलिमीटर व्यासाचा होता. वर्षभरानें दुसरें गिऱ्हाईक येतें. त्याला तसाच पण थोडा दणकट पंप हवा आहे. कचेरींतील तरुण जुनी असेंब्ली उघडतो आणि ती नव्या नांवानें साठवितो. पडद्यावर नवें नांव झळकतें. आतां ही आपली स्वतंत्र नक्कल झाली, असें त्याला वाटतें. वस्तुतः त्यानें नक्कल केली ती केवळ पत्त्यांच्या यादीची; सुटे भाग जुनेच, जुन्याच जागीं आहेत. तो शाफ्टचा व्यास ४५ करतो, बेअरिंगही तेवढ्या मापाचें घालतो, काम संपवून घरीं जातो. त्याच क्षणीं जुन्या पंपाचा शाफ्टही ४५ चा झाला! जुन्या शाफ्टच्या ड्रॉइंगवरील आंकडाही निमूटपणें बदलला, कारण तें ड्रॉइंगही त्याच फाइलीकडे पाहून आंकडे लिहितें. तीन वर्षांनीं पहिलें गिऱ्हाईक एक सुटा शाफ्ट मागवितें. ड्रॉइंग छापलें जातें, शाफ्ट तासला जातो, तपासनीस तो ड्रॉइंगाशीं ताडून बरोबर असल्याचें लिहितो, आणि गिऱ्हाइकाच्या आवारांत तो ४० मिलिमीटरच्या बेअरिंगांत शिरतच नाहीं. या साऱ्या व्यवहारांत खोटें कोणी बोललें नाहीं. चित्रकारानें, कातारीनें, तपासनीसानें प्रत्येकानें आपलें काम इमानानें केलें, आणि तरी शेवटीं कागद खोटा निघाला.

असें कां व्हावें, याचा विचार करूं लागलें म्हणजे आपण एका पुरातन वादापाशीं येऊन पोहोंचतों. शब्द आणि त्याचा अर्थ यांचें नातें कोणत्या प्रकारचें, याविषयीं आपल्या दर्शनकारांत मोठा मतभेद होता. मीमांसक म्हणत कीं, तें नातें नित्य आहे, तें कोणीं जोडलेलें नाहीं. नैयायिक म्हणत कीं, तें संकेतानें ठरलेलें आहे; अमुक शब्दानें अमुक वस्तु समजावी असें ठरलें म्हणून ती समजते. वेदांच्या किंवा लोकभाषेच्या बाबतींत कोणाचा पक्ष सबळ, हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु संगणकाच्या राज्यांत नैयायिकांचा पक्ष निर्विवाद विजयी झाला आहे. तेथें फाइलीचें नांव आणि फाइलींतील वस्तु यांत संकेतापलीकडे कांहीं नाहीं. मनुष्य मात्र स्वभावानें मीमांसक आहे. ‘शाफ्ट’ असें नांव दिसलें कीं आपल्या मनांतला तोच शाफ्ट तेथें असणार, असें तो धरून चालतो.

या भोळेपणाची शिक्षा कशी मिळते पाहा. नोंदविलेल्या पत्त्यावर फाईल मिळाली नाहीं म्हणजे संगणक लगेच हार मानीत नाहीं. तो ठराविक क्रमानें इतर ठिकाणीं त्याच नांवाची फाईल शोधूं लागतो. ऑटोकॅड, उदाहरणार्थ, मुख्य ड्रॉइंग ज्या फोल्डरमध्यें आहे तेथें पाहतें. सॉलिडवर्क्स तर प्रथम असें पाहतें कीं, या नांवाची फाईल आधींच उघडलेली आहे काय. असल्यास तीच घेतें. तेव्हां दोन कामांत दोन निरनिराळ्या भागांना ‘प्लेट’ हेंच नांव दिलेलें असेल, तर एकाच्या यंत्रांत दुसऱ्याची प्लेट येऊन बसण्याचा संभव असतो. नागपूरच्या नातीनें स्वतःच्या स्वयंपाकघरांतील वाटी घेऊन डाळ मोजावी, त्यांतलाच हा प्रकार. वाटी मिळालीच नसती तर तिनें पत्र लिहून माप विचारलें असतें. नांव तेंच, वस्तु दुसरी, म्हणून शंकाच आली नाहीं. यावरून असें दिसून येईल कीं, फाइलीला नांव देणें हें वाटतें तितकें क्षुल्लक काम नव्हे. प्रत्येक भागाला साऱ्या कचेरींत एकमेव असा क्रमांक देणारा कारखाना आणि ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘खरोखर अंतिम’ अशी नांवें देत जाणारा कारखाना यांत केवळ टापटिपीचा फरक नाहीं. पहिला आपल्या मागून येणाऱ्याची चिंता वाहतो, दुसरा वाहत नाहीं.

येथें आपल्या जुन्या लेखकूंची आठवण होणें साहजिक आहे. पोथ्या हातानें उतरविण्याच्या काळांत चुका थोड्या होत नव्हत्या. ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडलेले पाहून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढें कोणीं तींत भर घालूं नये असा इशाराही देऊन ठेवला. आमच्या अलीकडच्या काळांत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९२५ पासून त्याला शास्त्रीय शिस्त लावली, आणि तें काम १९६६ सालीं पुरें झालें. शेंकडों पोथ्या एकमेकींशीं ताडून पाहणें त्यांत कां शक्य झालें? कारण प्रत्येक पोथी, कितीही अशुद्ध असली तरी, स्वतःच्या पायांवर उभी होती. काश्मीरच्या लेखकूनें चूक केली म्हणून केरळची पोथी बिघडली नाहीं. उलट, एकीची चूक दुसरीनें उघडकीस आणली. जोडलेल्या फाइलींत हा आधार नाहींसा होतो. तेथें एकाच जागीं चूक झाली कीं ती सर्व ठिकाणीं एकाच वेळीं उमटते, आणि तिच्याविरुद्ध साक्ष देण्यास जुना कागद उरत नाहीं.

मग काय, हीं नातीं तोडून टाकावीं आणि प्रत्येकानें आपल्या फाइलींत सर्व कांहीं कोंबून ठेवावें? कित्येक सावध माणसें हाच मार्ग पत्करतात. परंतु त्यामुळें पूर्वींचा दोष परत येतो. एकच खांब चार ठिकाणीं लिहिला जातो आणि चारांपैकीं एक जागा शिळी राहते. तेव्हां प्रश्न नातें ठेवावें कीं तोडावें असा सरधोपट नसून, कोणतें नातें कशा प्रकारचें ठेवावें असा आहे. पत्ता दोन रीतींनीं सांगतां येतो. ‘शनिवार पेठ, घर क्रमांक अमुक’ ही एक रीत. ‘आमच्या ओसरीला लागून उजवीकडची खोली’ ही दुसरी. सबंध बिऱ्हाड, ओसरी-खोल्यांसकट, दुसऱ्या गांवीं हलवितां आलें असतें तर पहिला पत्ता खोटा झाला असता, दुसरा मात्र तसाच खरा राहिला असता. याच्या उलट, एकट्यानेंच घर सोडलें तर ‘शेजारची खोली’ हे शब्द निरर्थक होतात आणि पेठेचा पत्ताच उपयोगीं पडतो. संगणकांतही पूर्ण पत्ता आणि सापेक्ष पत्ता असे हे दोन प्रकार आहेत, आणि ऑटोकॅडनें २०१८ च्या आवृत्तीपासून नव्या जोडणीसाठीं सापेक्ष पत्ताच नेहमीचा म्हणून धरला आहे. एका कामाचे जे स्वतःचे भाग आहेत त्यांनीं एकाच फोल्डरच्या छपराखालीं राहावें व एकमेकांस सापेक्ष पत्त्यानें ओळखावें; म्हणजे बिऱ्हाड हललें तरी कुटुंब फुटत नाहीं. नट, बोल्ट, बेअरिंग यांसारख्या सर्व कामांना सामायिक असणाऱ्या वस्तु मात्र गांवच्या विहिरीप्रमाणें एका स्थिर जागीं असाव्या, आणि कोणींही त्या आपल्या सोयीसाठीं बदलूं नयेत. कोणती वस्तु घरची व कोणती गांवाची, हें ज्या कचेरीनें आधीं ठरविलें नाहीं, तिची प्रत्येक नक्कल दैवावर हवाला ठेवून केलेली असते.

यावर कोणी म्हणेल कीं, एवढा खल कशाला? जोडलेल्या सर्व फाइली शोधून, एकत्र करून, त्यांचे पत्ते नव्या जागेप्रमाणें बदलून देणारीं साधनें या कार्यक्रमांतच दिलेलीं असतात. तीं वापरलीं कीं झालें. तीं अवश्य वापरावीं. संगणकाच्या साध्या खिडकींतून एखादी फाईल उचलून दुसरीकडे टाकणें किंवा तिचें नांव बदलणें, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेल्यांस न कळवितां घर बदलणें होय. तीच गोष्ट कॅडच्या साधनांतून केली तर निरोप पोहोंचतो. परंतु साधन गोळा करूं शकतें, निवड करूं शकत नाहीं. नव्या पंपासाठीं शाफ्ट वेगळा हवा व झांकण सामायिक चालेल, हें त्याला ठाऊक नसतें. तें जाणणारा मनुष्यच लागतो, आणि जेथें निवड आहे तेथें जबाबदारी आहे.

शिवाय मोठ्या उद्योगांत फाईल पोहोंचली तरी अर्थ पोहोंचेलच असें नाहीं. एअरबसच्या ए-३८० या प्रचंड विमानाचा अनुभव प्रसिद्धच आहे. त्याच्या प्रत्येक विमानांत ५०० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या विजेच्या तारा होत्या. हॅम्बुर्ग येथील मंडळी ‘कॅटिया’ या आरेखन-साधनाची जुनी, चौथी आवृत्ति वापरीत होती, तर तुलूझ येथील मंडळी पांचवी. एकीकडे केलेले फेरफार दुसरीकडे बिनचूक उतरले नाहींत, आणि हॅम्बुर्गहून आलेल्या तारांचे जुडगे तुलूझला विमानांत बसवूं लागले तेव्हां ते नीट बसेनात. २००६ सालीं कंपनीला विलंबाची जाहीर कबुली द्यावी लागली. पहिलें विमान गिऱ्हाइकाच्या हातीं पडण्यास २००७ चा ऑक्टोबर उजाडला. दोन्ही शहरांतील माणसें कुशल होतीं. उणीव होती ती एकाच्या चित्रांतील संबंध दुसऱ्याच्या चित्रांत जसेच्या तसे उतरतात कीं नाहीं, हें वेळेवर पडताळण्याची.

आतां आपण मूळ प्रश्नाकडे वळूं. जोडलेल्या ड्रॉइंगच्या खालीं ‘अस्सल बरहुकूम’ असें कोणास लिहितां येईल काय? एक अभियंता आज एका ड्रॉइंगवर सही करतो. त्या सहीचा अर्थ असा कीं, मीं हें तपासलें आहे आणि याप्रमाणें बांधलें तर इमारत उभी राहील. परंतु ज्या फाइलीकडे तें ड्रॉइंग पत्त्यानें पाहत आहे ती उद्यां दुसऱ्या कोणीं बदलली, तर सही तशीच राहून तिच्या वरचा मजकूर बदलतो. कोऱ्या कागदावर सही करून देणाऱ्यास आपण अविचारी म्हणतों. ज्याचा मजकूर पुढें बदलूं शकतो अशा कागदावर सही करणारा त्याहून वेगळा कसा? म्हणून आमचें म्हणणें असें कीं, काम चालू असतां ड्रॉइंग जिवंत असावें आणि सहकाऱ्यांशीं जोडलेलें असावें. परंतु ज्या क्षणीं तें वचन म्हणून दुसऱ्याच्या हातीं दिलें जातें त्या क्षणीं त्याचें एक गोठलेलें रूप तयार झालें पाहिजे. जोडलेले नकाशे त्यांत कायमचे सामावून घ्यावे, किंवा पीडीएफसारख्या न बदलणाऱ्या रूपांत तें छापावें, त्यावर आवृत्तीचा क्रमांक व तारीख घालावी, आणि त्या तारखेच्या सर्व मूळ फाइली एकत्र, केवळ वाचण्यापुरत्या, वेगळ्या जागीं जपून ठेवाव्या. सर्व एकत्र असें आम्ही मुद्दाम म्हणतों. कारण पुढें कधीं एकटी एक जुनी फाईल परत आणून नव्यांच्या पंक्तीला बसविली तर तींही एक खोटेंच कुटुंब तयार होतें.

आणि अशी नक्कल खरी कीं खोटी, हें ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. मूळ फोल्डर थोडा वेळ दृष्टीआड करावें, किंवा ज्या संगणकानें तें कधीं पाहिलें नाहीं अशा दुसऱ्या संगणकावर नक्कल न्यावी, आणि मग ती उघडून पाहावी. मूळ समोर असतांना नक्कल पूर्ण दिसली, यांत कांहीं सिद्ध होत नाहीं. ती कदाचित् मुळाच्याच डोळ्यांनीं पाहत असेल. मूळ नसतांना जी पुरी उभी राहते तिलाच स्वतंत्र म्हणावें. मुलगा खरोखर शहाणा झाला कीं नाहीं, हें बाप घरांत नसतांना कळतें, असें आपल्याकडील वडील माणसें म्हणतात. त्यांतलें मर्म हेंच आहे.

या कसोटीला लागणारा वेळ फार तर अर्ध्या तासाचा असतो, आणि तरी ती पुष्कळदां टाळली जाते. टाळण्याचें कारण अज्ञान क्वचितच असतें. नकलेपासून होणारें नुकसान नक्कल करणाऱ्यास सोसावें लागत नाहीं, हें तें खरें कारण होय. त्याच्या संगणकावर सर्व पत्ते जुळतात, सर्व रेघा दिसतात. ज्याला त्या दिसणार नाहींत, किंवा दुसऱ्याच दिसतील, तो दूरच्या गांवीं आहे, अथवा तो अजून नोकरीस लागावयाचा आहे. मोडी नक्कल लिहिणाऱ्या कारकुनालाही आपला वाचक बहुधा ठाऊक नसे. तरी अनोळखी माणसानें आपल्या अक्षरावर विसंबून व्यवहार करावा, ही जाणीव त्या शब्दांत होती. आजच्या चित्रकारास ते शब्द हातानें लिहावे लागत नाहींत. फाईल पाठविण्याचें बटण दाबलें कीं ते लिहिले गेलेच असें समजावें. तें दाबण्यापूर्वीं मूळ फोल्डर मिटून एकदां नक्कल उघडून पाहिली, तर तीन वर्षांनीं कोठल्याशा कारखान्यांतील अपरिचित फिटरच्या हातांतील शाफ्ट त्याच्या बेअरिंगांत सुखानें बसेल. तो फिटर आपले आभार मानणार नाहीं, कारण आपण होतों हें त्याला कळणारच नाहीं. आणि कोणीं न पाहतां केलेल्या इमानाला याहून वेगळें फळ मागूंही नये.